परक्यांच्या फोटोतला भाऊ

तेजल पालशेतकर पोटापाण्यासाठी हरवलेली माणसं शोधायची, आणि सापडली नाहीत की तसं लिहून द्यायची. माणूस सापडला तर काम सोपं असे. घरचे लोक रडत-हसत पेढे घेऊन ऑफिसात यायचे आणि सगळ्यांची तोंडं गोड व्हायची. न सापडण्याचं काम जोखमीचं, कारण त्या एका कागदावर कोर्ट माणसाला मेलेला ठरवत असे.

पूर्वी कायद्याचं गणित साधं होतं. सात वर्षं एखाद्याबद्दल कुणी काही ऐकलं नाही, की तो गेला असं धरायचं. आता नुसतं ऐकू न येऊन भागत नाही, तो कुठे दिसलाही नाही हे सिद्ध करावं लागतं. त्याला कारण होतं. आपण फोटो काढतो तेव्हा आपल्याला वाटतं, आपण समोरच्या माणसाचा काढतोय. कॅमेऱ्याला असला भेदभाव कळत नाही. बायको किल्ल्याच्या दरवाजात ऐटीत उभी असते, आणि तिच्या मागे शेंगावाला, त्याचं गिऱ्हाईक, पायरीवर टेकलेला म्हातारा, सगळे त्याच फोटोत फुकट येऊन बसलेले असतात. जगात रोज निघणाऱ्या फोटोंच्या मागच्या बाजूला उभी असलेली ही माणसं चाळून काढणारं एक यंत्र तयार झालं. त्याचं नाव ‘मागोवा’. ते रंग, केस, दाढी बघत नाही, हाडांची मापं बघतं. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाच्या बुडाची रुंदी, जबड्याचा कोन, अशा शेकडो मापांची मिळून एक खूण बनवतं आणि ती खूण जगभरच्या फोटोंत शोधत सुटतं. माणूस टकला झाला, जाडा झाला, म्हातारा झाला तरी त्याच्या तावडीतून सुटत नाही. सात वर्षांत जो कुणा परक्याच्या फोटोतसुद्धा चुकून आला नाही, तो या जगात नाही, असं मग कायद्यानेच ठरवून टाकलं. त्या कागदाचं नाव ‘अदर्शन दाखला’. साध्या गोष्टीचं बारसं अवघड नावाने करायची हौस सरकारला पहिल्यापासून आहे.

तेजलच्या प्रतिमाशोध केंद्राने असे पुष्कळ दाखले दिले होते. त्यातला अगदी ताजा तिच्या सख्ख्या भावाचा होता.

हरेश सैतवाडी बंदरातल्या ‘जलकन्या’ नावाच्या बोटीवर खलाशी होता. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा ती बोट वादळात गेली. बोट चालवणाऱ्या तांडेलासकट काहींची प्रेतं किनाऱ्याला लागली, हरेशचं लागलं नाही. त्याची बायको अर्पिता माहेरी गेली नाही. सासूजवळ राहिली, बंदरावर मासळी घेऊन सुकवून विकायला लागली, आणि हळूहळू त्या घराची तीच कर्ती झाली. तेजल नोकरीसाठी जिल्ह्याच्या गावी राहायची आणि दर शनिवारी घरी यायची, ते आईइतकंच वहिनीच्या ओढीने.

आता विनायक चोगलेने अर्पिताला मागणी घातली होती. बर्फाच्या कारखान्यातला हा शांत स्वभावाचा विधुर, आणि त्याची मागणी पुढे नेली ती खुद्द अर्पिताच्या सासूने. अर्पिता ‘हो’ म्हणाली होती, पण साडीचा विषय निघाला की तिला काहीतरी काम आठवायचं. कोर्टाची तारीख महिनाअखेरीला होती. हरेश गेला असा शिक्का बसला की रजिस्टर लग्न करायचं, असं ठरलं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि ते बिघडवलं नवऱ्यामुलानेच.

एका रविवारी विनायक आपल्या बहिणीला घेऊन घरी आला. चहा आला, गप्पा झाल्या. भिंतीवर हरेशचा फोटो होता: गोरा, तरतरीत, सरळ नाकाचा, रोखून बघणारा तरुण. विनायकने त्याला हात जोडले आणि सहज बोलावं तसं बोलून गेला, “हरेशनं डोळ्याचं ऑपरेशन कधी केलं? मी पाहिला तेव्हा तर तिरळा बघायचा.”

सगळ्यांच्या माना फोटोकडे वळल्या. विनायकला वाटलं आपण आगाऊपणा केला, आणि तो बिचारा कान धरून बसला. मग आईच म्हणाली, “तिरळाच व्हता माझा पोर. हा स्थळासाठी काढलेला फोटू. मोहिते स्टुडिओवाल्यानं नीट करून दिला.”

आईला त्यात वावगं काहीच वाटत नव्हतं, आणि सैतवाडीत कुणालाच वाटलं नसतं. स्थळाला पाठवायचा फोटो म्हणजे नीट करून घेतलेला फोटो, ही तिथली जुनी रीत. मुलीचा रंग उजळायचा, मुलाचे दात आत घ्यायचे. मुलगी बघायला गेल्यावर खरं काय ते दिसतंच, त्यामुळे फसवणूक अशी कुणाची होत नाही. अर्पितानेही नवऱ्याचा डोळा लग्नाआधीच पाहिला होता.

पण तेजलचा चहा हातात तसाच राहिला. शोधासाठी दिलेला फोटो हाच होता.

‘मागोवा’ने शोधून काढलेला प्रत्येक फोटो खरा की बनावट हे केंद्रात सात वेळा तपासलं जायचं. ज्या फोटोवरून शोधायचं, तो मात्र कुणी तपासत नसे. घरच्यांनी शपथेवर सांगितलं, “हाच आमचा माणूस,” की तो खरा. आईने आणि बहिणीने तसं सांगितलं होतं. जगभरच्या फोटोंच्या खोड्या काढणाऱ्या तेजलने घरातल्या भिंतीवरचा फोटो वर्षानुवर्षं बघून बघून तोच भाऊ धरला होता. तिला स्वतःची इतकी चीड आली की पाहुणे गेल्यावर ती कुणाशी धड बोललीसुद्धा नाही.

स्टुडिओने पाठवलेली या फोटोची फाईल वहिनीच्या फोनमध्ये होती. तेजलने ती मागून घेतली आणि आपल्या लॅपटॉपवर तिचा रवा बघितला.

रवा हा ऑफिसातला शब्द. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणाऱ्या बारीक पेशींची जाळी असते. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी सगळ्या पेशी एकसारख्या उतरत नाहीत. एखादी प्रकाश जरा जास्त घेते, शेजारची जरा कमी. त्यामुळे त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोवर डोळ्यांना न दिसणारी एक रवाळ छटा पसरलेली असते, आणि एका कॅमेऱ्याची छटा दुसऱ्याशी जुळत नाही. फोटोत मागाहून काही चिकटवलं, पुसलं, रंगवलं, की तेवढ्या जागेवरचा रवा मोडतो. संगणक ती जागा पांढरी करून दाखवतो.

हरेशचा शर्ट रवाळ होता, मागचा निळा पडदा रवाळ होता, कानही शाबूत होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं पांढरं होतं. मोहितेच्या यंत्राने नुसता डोळा सरळ केला नव्हता, अख्खा चेहरा नव्याने काढला होता. नाक, जबडा, डोळ्यांमधलं अंतर, सगळी मापं बदलली होती. ‘मागोवा’ने जगभर हुडकलेला तो देखणा माणूस कधी जन्मालाच आलेला नव्हता. तो सापडला नाही यात नवल ते काय.

दुसऱ्या दिवशी ती मोहिते स्टुडिओत जाऊन थडकली. किशोर मोहिते आता म्हातारा झाला होता, पण कामाचा अभिमान तसाच. तिने मूळ फोटो मागितला तर तो हसला. मूळ फोटो कोण ठेवतो, म्हणाला, लोकांना तो नकोच असतो. मग तिने लग्नाच्या अल्बमचा विषय काढला, तर मोहित्याने आपणहून सांगितलं की अल्बममध्येही त्याने पानोपानी तोच चेहरा बसवला होता. स्थळाच्या फोटोत एक आणि लग्नात दुसरा असं झालं तर मुलीकडचे पाहुणे नावं ठेवतात, म्हणून स्टुडिओतर्फे ही सेवा मोफत होती. तेजलने त्याला चार शब्द सुनवायचं ठरवलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावरची धन्यता बघून तिने ते गिळले.

दुसरे फोटो नव्हते. सरकारी ओळखपत्रांवरचे फोटो या कामाला देत नाहीत, असा नियम होता. हरेशचा फोन बोटीबरोबर गेलेला. आणि तिरळेपणामुळे तो लहानपणापासून कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचा. घरातल्या एकूण एक फोटोत त्याचा कान तेवढा आला होता.

तेजलने डोकं शांत ठेवून विचार केला. घरच्या फोटोत तो तोंड फिरवायचा, कारण तिथे फोटो काढतायत हे त्याला माहीत असायचं. परक्यांच्या फोटोत तो बेसावध सापडेल. सैतवाडीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, आणि तो बघायला शहरांतून पर्यटक येतात. ते सुरमई हातात धरून फोटो काढतात आणि घरी गेल्यावर सगळ्या जगाला दाखवतात. हरेश त्याच वाळूतून वर्षानुवर्षं टोपल्या वाहत होता.

चेहरा देऊन शोधता येत नव्हतं, म्हणून तिने बोट देऊन शोधलं. ‘जलकन्या’चा एक जुना फोटो बोटमालकाकडे होता: हिरवी-पिवळी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, तिच्यावर कमळ, त्याची एक पाकळी रंगाऱ्याने चुकून लांब काढलेली. तेवढाच तुकडा कापून तिने साध्या, कुणालाही वापरता येणाऱ्या चित्रशोधात टाकला. ‘मागोवा’ला तिने हात लावला नाही. नात्यातल्या माणसासाठी तो वापरायला बंदी होती, आणि जे करायचं ते नियमात बसवूनच करायचं असं तिने ठरवलं होतं. नाहीतर उद्या कोर्टात तिच्या शब्दाला किंमत राहिली नसती.

लांब पाकळीच्या कमळाचे फोटो येऊ लागले. आठवडाभर ऑफिस सुटल्यावर ती तेच करत बसली. फोटो मोठा करायचा, मागची गर्दी एकेक करून बघायची, पुढचा घ्यायचा. किती अनोळखी लोकांचे हनिमून आणि वाढदिवस तिने डोळ्यांखालून घातले, त्याला हिशेब नाही. वाकलेल्या पाठी होत्या, डोक्यावरच्या टोपल्यांखाली झाकलेली तोंडं होती. एक-दोनदा तिला वाटलं हाच, आणि तो नव्हता.

मग एका फोटोत पुण्याची कुणी बाई बांगडा मासळीच्या ढिगापाशी दोन बोटं वर करून हसत उभी होती. तिच्या खांद्यामागे हरेश होता. टोपली खाली ठेवून घाम पुसत होता आणि कुणाला तरी हाक मारत होता. डावा डोळा समोर, उजवा नाकाकडे. नाक बसकं, जबडा रुंद. तेजल त्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिला हुंदका आवरेना. सात वर्षं ती एका चिकण्या परक्या माणसासाठी रडली होती. आपला दादा असा दिसायचा हे ती चक्क विसरून गेली होती.

रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि फोटो तपासला. रवा सगळीकडे सलग होता. मागे जेट्टीचे खांब अर्धवट बांधलेले दिसत होते, म्हणजे साल बरोबर होतं. सावल्यांच्या लांबीवरून वेळ काढली, ओल्या वाळूच्या रेषेवरून भरती काढली, आणि ती फोटोवरच्या तारखेच्या भरतीच्या वेळेशी जुळली. फोटो खरा होता.

तो घेऊन ती केंद्रातल्या देवस्थळी सरांकडे गेली. हरेशचा दाखला त्यांनी दिला होता. तिने त्यांच्यापुढे अर्ज ठेवला: मी शपथेवर दिलेला फोटो चुकीचा होता, तो मागे घेते, या फोटोवरून फेरशोध करावा. देवस्थळींनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. तुमच्या वहिनीचं लग्न ठरलंय ना, असं त्यांनी विचारलं. ठरलंय, ती म्हणाली. मग त्यांनी एवढंच विचारलं की हा अर्ज त्यांनी बघितलाच नाही असं धरायचं का. माणूस भला होता, तिच्या भल्यासाठीच बोलत होता.

“बघितलाय सर तुम्ही,” तेजल म्हणाली. “तो मेला असेल तर तोच मेला असं लिहा. दुसऱ्या कुणाच्या तोंडावरून नको.”

तिला मनातून खात्री होती की काही सापडणार नाही. हा दाखलाही कोराच निघेल, फक्त तो हरेशचा असेल, आणि मग वहिनीचं लग्न धुतल्या तांदळासारखं स्वच्छ होईल. ‘मागोवा’ चालू करून देवस्थळी चहा सांगायला उठले. ते परत येऊन बसले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि तो तिच्याकडे वळवला.

पडद्यावर चिखलदऱ्याच्या एका पॉइंटचा फोटो होता. खाली दरी, वर धुकं, कठड्याशी टेकून उभं असलेलं नागपूरचं एक कुटुंब. त्यांच्या मागे मक्याची कणसं भाजणारा माणूस. दुसरा फोटो वेगळ्या कुटुंबाचा, माणूस तोच. तिसऱ्यात तो स्वेटर घालून चहा ओतत होता. सगळ्यात अलीकडचा याच हिवाळ्यातला होता.

तेजलने ते फोटो परक्याच्या भावाचे तपासावेत तसे तपासले. रवा पाहिला, सावल्या पाहिल्या, कठड्याचा रंग कोणत्या वर्षी बदलला ते पाहिलं. कुठेतरी खोट निघावी म्हणून तिने जिवाचं रान केलं, आणि आपण भाऊ जिवंत नसावा म्हणून धडपडतोय हे लक्षात आल्यावर ती थांबली. देवस्थळी म्हणाले, तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत मी हे कोर्टाला कळवत नाही. तोवर तुम्हाला काय करायचं ते करा.

ती आईला काही बोलली नाही, वहिनीला काही बोलली नाही. ऑफिसच्या कामाने जाते असं सांगून निघाली. रेल्वेने अमरावती, तिथून परतवाडा, आणि मग घाट चढणारी एस.टी. चिखलदऱ्याच्या थांब्यावर बोरं विकणाऱ्या एका बाईला तिने फोनवरचा फोटो दाखवला. बाई म्हणाली, “हा तर अशोकभाऊ. पॉइंटवर आहे ना त्याचा ठेला.”

हरेशने तिला दुरूनच ओळखलं. पळाला नाही. हातातलं कणीस फिरवत राहिला, गिऱ्हाईक गेलं, मग तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.  तिला त्याला मिठी मारावीशी वाटत होती आणि एक थोबाडीत द्यावीशीही वाटत होती, आणि दोन्हींपैकी काहीच जमेना.

शेवटी त्याने आपणहून सांगितलं. समुद्राची त्याला पहिल्यापासून भीती वाटायची. बाप होता तोवर बापाच्या धाकाने गेला, बाप गेल्यावर दुसरं काही येत नव्हतं म्हणून गेला. त्या खेपेला बोट पाणी भरायला जयगडला लागली तेव्हा पोटात दुखतंय म्हणून तो उतरला. चार दिवस कुठेतरी राहायचं आणि मग घरी जायचं, एवढाच विचार होता. चिपळूणच्या स्टँडवर बातमी कळली की ‘जलकन्या’ गेली, आणि गेलेल्यांत त्याचंही नाव होतं.

“निघालो होतो घरी,” तो म्हणाला. “शपथ घेऊन सांगतो. गाडीत बसलो पण होतो. मग डोळ्यांसमोर आलं, तांडेलाची बायको विचारणार, तू कसा वाचलास. काय सांगू तिला? पोटात दुखत होतं?”

त्यानंतर तो जिथे समुद्र नाही अशा दिशेने जात राहिला आणि इथे येऊन थांबला. अर्पिताचं विनायकशी लग्न ठरलंय हे तेजलने सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा खरोखर उजळला. विनायक चांगला माणूस आहे, म्हणाला, दारूला शिवत नाही.

तेजलने मग फोटोची, फेरशोधाची आणि कोर्टाची हकीकत सांगितली, तसा तो पुढे सरकून हळू आवाजात बोलायला लागला. “मग मोडतेस कशाला? तो जुनाच फोटो राहू दे ना. त्यावरून मला जन्मात कुणी शोधणार नाही. तिचं लग्न होईल, आईचं रडून झालंय, मी पण इथं बरा आहे. मेलेलाच राहू दे मला, तेजल. त्यात सगळ्यांचं भलं आहे.”

त्याचं म्हणणं खरं होतं, हीच तर पंचाईत होती. गाडीत बसल्यापासून तेजलने हाच विचार शंभरदा करून पाहिला होता. तो खोटा फोटो सगळ्यांना सांभाळून घेत होता: दादाला, वहिनीला, विनायकला, आईला. तिने नुसतं गप्प बसायचं होतं. आणि तरी तिचं मन तयार होत नव्हतं. अर्पिताला त्या घरात आणलं ते दुसऱ्यांनी. विधवा ठरवलं दुसऱ्यांनी, आणि तेही एका चित्रावरून. पुन्हा लग्न ठरवलं ते सासूने. आता तिचा नवरा जिवंत की मेलेला, हेसुद्धा नवरा आणि नणंद मिळून एका ठेल्यावर बसून ठरवत होते.

“दादा, भलं कशात आहे ते तिला ठरवू दे,” ती म्हणाली. “मी तिला सांगणार आहे. तुला विचारायला आले नव्हते, तूच आहेस याची खात्री करायला आले होते.”

त्याने शेगडीतले निखारे सारखे केले. तिने त्याचा नवा नंबर घेतला, आणि निघताना त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. केस विरळ झाले होते.

सैतवाडीला ती पोचली तेव्हा सकाळ होती. अर्पिता घरामागच्या मांडवावर बांगडे सुकत घालत होती. आई देवळात गेली होती. तेजलने प्रस्तावना केली नाही. इतक्या वेळा मनात घोकलेली सगळी वाक्यं आयत्या वेळी निरुपयोगी वाटली. वहिनी, दादा जिवंत आहे, असं म्हणून तिने फोन पुढे केला, आणि मग जयगड, चिपळूण, चिखलदरा, सगळं सांगून टाकलं. फेरशोधाचा कागद कोर्टात गेला की लग्न होऊ शकणार नाही, आणि गेला नाही तर होईल, पण ते खोट्यावर उभं राहील, हेही सांगितलं. तू म्हणशील तसं करू, म्हणाली.

अर्पिताने ओले हात पदराला पुसले आणि फोन घेतला. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, डोळ्यांपाशी थांबली. तेजल तिच्याकडे बघायचं टाळत होती. वहिनी कोसळेल, नाहीतर आपल्यावर ओरडेल, कशाला शोधलंस म्हणेल, असं तिला वाटत होतं. त्या घरात आपल्याला पुन्हा तोंड दाखवता येईल का, अशीही भीती तिला वाटली.

“जाडा झालाय,” अर्पिता म्हणाली.

मग ती खाली बसली. रडली नाही. तिचा श्वास मात्र लांब पळून आलेल्या माणसासारखा चालला होता. फोन तिने उलटा करून मांडीवर ठेवला.

“विनायकचं नाव निघालं ना, की मी उठून आत जायची,” ती म्हणाली. “सगळ्यांना वाटायचं मी लाजतेय. मला वाटायचं, पाण्यात पडलेल्या माणसाला तिथंच टाकून मी निघालेय. मेलेल्याला सोडता येत नाय गो तेजल. मी लय प्रयत्न केला.” तिने तेजलकडे पाहिलं. “जित्याला सोडता येतं.”

तेजल म्हणाली की दादा तारखेला येईल बहुतेक, नाहीतर वकिलाकडून कागद पाठवू, घटस्फोटाला वर्षभर तरी लागेल. अर्पिताने मान हलवली. वर्ष लागेल तर लागू दे, म्हणाली, विनायकला तसं मीच सांगते, त्याला थांबायचं असेल तर थांबेल. पण हरेश येईल आणि मग होईल, असलं काही तिला आता नको होतं. सात वर्षं तिने वाट बघण्यातच काढली होती, ते काम तिचं संपलं होतं. घटस्फोटाचा कागद आजच करून दे, मी स्वतः जाऊन सही घेऊन येते, आणि देवस्थळी साहेबांना आजच सांग, काय ते कोर्टाला कळवा म्हणून.

पुढल्या दाराने आई आल्याची चाहूल लागली. तेजल उठायला लागली, तर अर्पिताने तिला हाताने खाली बसवलं.

“आईंना मी सांगणार. तू हे बांगडे उलटून टाक.”

ती आत गेली. आतून आईचा एक मोठा हुंदका आला, आणि मग दोघींचे आवाज एकात एक मिसळले. तेजल बांगडे उलटत राहिली. बऱ्याच वेळाने अर्पिता दारात आली. तिच्या हातात प्रवासाची पिशवी होती आणि डोळे आता मात्र लाल झाले होते.

“चिखलदऱ्याला थंडी असते का गो या दिवसांत?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दांडीवरचा स्वेटर ओढून घेतला.